पासथ्रू नोंदवही: इंटरप्टची गळती सापडली

मंडळी, मागच्या नोंदीत एक प्रश्न अर्धवट सोडला होता. राउटरची व्हीएम (एका मशीनच्या आत चालणारा आभासी संगणक) बरेच दिवस व्यवस्थित चालते आणि मग एखाद्या रात्री तिला पासथ्रूने, म्हणजे थेट, जोडून दिलेलं नेटवर्क कार्ड उठतच नाही. गेस्टमध्ये, म्हणजे त्या व्हीएमच्या आत, ड्रायव्हर लोड होतो, लिंक वर आलेली दिसते, पण पॅकेट एकही आत येत नाही. थोड्या वेळाने कर्नल लॉगमध्ये ट्रान्समिट क्यू टाइमआउट झाल्याची ओळ येते. व्हीएमची प्रोसेस बंद करून नव्याने सुरू केली की पुन्हा सगळं सुरळीत. त्याचं कारण आता हातात आहे, आणि ते कार्डात नव्हतं, ड्रायव्हरमध्येही नव्हतं.

नवीन वाचकांसाठी मांडणी थोडक्यात सांगतो. होस्ट, म्हणजे व्हीएम ज्यावर चालते ते खरं मशीन, हे नागपुरातून आणलेलं ऑफिसातलं जुनं मशीन, आय५-४५७० आणि क्यू८७ चिपसेटचा बोर्ड. (चौथ्या पिढीतला आय५ घेत असाल तर के अक्षराचा ४६७०के घेऊ नका, त्यात पासथ्रूला लागणारी व्हीटी-डी सोय नाही.) त्यात इंटेल आय३५० चं चार पोर्टचं कार्ड. दोन पोर्ट व्हीएफआयओमार्फत (खरं उपकरण व्हीएमच्या हाती देणारी लिनक्सची सोय) गेस्टला दिलेत, एक इंटरनेटसाठी आणि दुसरा घरामागच्या संत्र्याच्या शेडमधल्या स्विचसाठी. वरती व्हीएम चालवायला नेहमीचा क्यूएमयू नाही. सी मध्ये लिहिलेला एक छोटा मुक्तस्रोत व्हीएमएम (व्हीएम चालवणारा प्रोग्राम) वापरतोय, कारण त्याचा सगळा कोड बसून वाचता येतो. या वेळी त्याचा फार उपयोग झाला.

आमच्याकडे, मोर्शीच्या या भागात, मे-जूनमध्ये संध्याकाळी वारं सुटलं की लाइन येते-जाते. डीपीवर एखादा फेज उडाला की व्होल्टेज पार खाली बसतं. होस्ट इन्व्हर्टरवर आहे, शेडमधला स्विच नाही. त्यामुळे स्विच वारंवार बंद-चालू होतो, लिंक पडते, आणि गेस्टमधली राखणीची स्क्रिप्ट दर वेळी आयजीबी, म्हणजे या कार्डाचा, ड्रायव्हर काढून पुन्हा लोड करते. एकदा सर्व्हर चालू केला की महिनोन्महिने ड्रायव्हरला हात लागत नाही, अशा ठिकाणी हा दोष कधी दिसलाच नसता. इथे वादळी संध्याकाळीच त्याची परीक्षा होते.

पहिला संशय अर्थातच होस्टवर. इंटरप्ट म्हणजे ‘काम आलंय’ अशी कार्डाने सीपीयूला दिलेली हाक. ती देण्याच्या एमएसआय-एक्स या पद्धतीत कार्ड ठरलेल्या पत्त्यावर एक छोटा डेटा लिहितं, तोच इंटरप्ट. आयओएमएमयू (उपकरणांकडून येणारे व्यवहार तपासणारा हार्डवेअरचा भाग) तो आपल्या रीमॅपिंग टेबलमध्ये तपासतो आणि होस्टच्या सीपीयूवरच्या एका व्हेक्टरकडे, म्हणजे इंटरप्टच्या क्रमांकाकडे, वळवतो. एक्स८६ वर प्रत्येक सीपीयूला व्हेक्टर २५६, त्यातले पहिले ३२ एक्सेप्शनसाठी राखीव, म्हणजे ही गोष्ट खरोखर संपू शकते. म्हणून होस्टच्या प्रॉक फोल्डरमधली इंटरप्ट्सची फाइल उघडून बसलो. गेस्टमध्ये ड्रायव्हर लोड केला की व्हीएफआयओ-एमएसआयएक्सच्या पाच ओळी येतात. काढला की पाचही जातात. डीबगएफएसमधल्या (कर्नलची आतली माहिती दाखवणारं फोल्डर) व्हेक्टर डोमेनचा एकूण वाटपाचा आकडाही प्रत्येक फेरीनंतर जिथल्या तिथे. कर्नल आपलं काम चोख करत होता.

मामेभाऊ जिनिंगमध्ये काट्यावर कॉम्प्युटर सांभाळतो, तो शेजारी बसून बघत होता. म्हणाला, “भाऊ, होस्टवर तं सारं साफ दिसून राह्यलं, मंग अडून कुठं राह्यलं?” त्याच्या या प्रश्नामुळे कर्नल सोडून मी प्रोसेसकडे वळलो, आणि हाच या नोंदीतला सगळ्यात उपयोगी धडा आहे: होस्टची इंटरप्ट यादी स्वच्छ दिसली तरी पासथ्रूची अर्धी साखळी त्या यादीत दिसतच नाही.

ती उरलेली अर्धी अशी. होस्टवर इंटरप्ट आला की व्हीएफआयओचा हँडलर एका इव्हेंटएफडीला (फक्त खूण पोचवण्यासाठी उघडलेली फाइल) खूण करतो. केव्हीएमने (व्हीएम चालवणारा लिनक्स कर्नलचा भाग) आयआरक्यूएफडी म्हणून तोच इव्हेंटएफडी धरून ठेवलेला असतो. खूण मिळाली की केव्हीएम एका जीएसआय क्रमांकाचा (गेस्टच्या इंटरप्टला दिलेला क्रमांक) रूट, म्हणजे मार्ग, बघतो आणि त्या रूटमध्ये लिहिलेला एमएसआय संदेश गेस्टच्या आभासी एपिकमध्ये (इंटरप्ट सीपीयूला पोचवणारा भाग) टाकतो. म्हणजे एका व्हेक्टरमागे व्हीएमएमच्या बाजूला तीन वस्तू लागतात: एक इव्हेंटएफडी, एक आयआरक्यूएफडी जोडणी आणि राउटिंग टेबलमधली एक नोंद. या तिन्हींचा हिशेब युजरस्पेसने, म्हणजे कर्नलबाहेर चालणाऱ्या व्हीएमएमने, ठेवायचा असतो.

व्हीएमएम प्रोसेसच्या एफडी फोल्डरमध्ये, म्हणजे तिच्या उघड्या फायलींच्या यादीत, मोजणी केली. ड्रायव्हर लोड होण्याआधी ३८. लोड झाल्यावर ४३. काढल्यावर ४३ च. पुन्हा लोड केल्यावर ४८. सगळ्या वाढीव नोंदींचं टोक एकाच प्रकाराकडे: इव्हेंटएफडी.

मग एसट्रेस (प्रोसेस कर्नलला करते ते कॉल दाखवणारं साधन) लावला, फक्त इव्हेंटएफडी, आयऑक्टल (कर्नलमधल्या ड्रायव्हरला आज्ञा देणारा कॉल) आणि क्लोज एवढ्याच कॉलवर गाळणी ठेवून. पहिल्या लोडला इव्हेंटएफडीचे पाच कॉल, उत्तरं ३८, ३९, ४०, ४१, ४२. प्रत्येकामागे आयआरक्यूएफडीचा एक आयऑक्टल आणि राउटिंगचा एक. शेवटी व्हीएफआयओचा सेट-आयआरक्यूज. ड्रायव्हर काढताना मात्र एकच ओळ: सेट-आयआरक्यूज, काउंट शून्य. क्लोज एकही नाही. आयआरक्यूएफडीची डी-असाइन फ्लॅग कुठेच नाही. पुढच्या लोडला उत्तरं ४३ पासून ४७ पर्यंत. मामेभाऊ स्क्रीनकडे बघून म्हणाला, “टोकन तं देऊन राह्यले, वापस कोणीच नाही घेऊन राह्यलं.” नेमकं तेच.

प्रोसेसची उघड्या फायलींची सॉफ्ट मर्यादा १०२४. दर फेरीला पाच गेले की दोनशे फेऱ्यांच्या आतच भिंत लागते. त्यानंतर इव्हेंटएफडी तयार होत नाही, पण गेस्टला हे कळवायला वाटच नसते. त्याने एमएसआय-एक्स कंट्रोल रजिस्टरचा १५ वा बिट चालू केलेला असतो आणि वाचल्यावर तो चालूच दिसतो. म्हणून ड्रायव्हर खुशाल पुढे जातो आणि कधीच न येणाऱ्या इंटरप्टची वाट बघत बसतो. सुरुवातीला सांगितलेलं लक्षण हेच.

मर्यादा वाढवली तर? मुद्दाम वाढवून पाहिली, कारण अनेक जण असा दोष दिसला की एवढंच करून मोकळे होतात. गाडी पुढे जाते आणि दुसऱ्या भिंतीवर आदळते. केव्हीएमच्या राउटिंग टेबलची कमाल ४०९६ नोंदी. एक्स८६ वर त्यातल्या ४० सुरुवातीलाच जुन्या पीआयसी आणि आयओएपिक या इंटरप्ट कंट्रोलरच्या पिनांसाठी भरलेल्या असतात. उरलेल्या पाच-पाचने संपायला आठशेच्या वर फेऱ्या लागतात. या भिंतीची खूण जास्त फसवी आहे: केव्हीएम जागा संपल्याचं सांगत नाही, इनव्हॅलिड आर्ग्युमेंट म्हणतो. ते वाचून माणूस रूटच्या रचनेत चूक शोधत बसेल. शिवाय राउटिंगचा आयऑक्टल दर वेळी पूर्ण टेबल बदलतो, त्यामुळे मेलेल्या नोंदी साचतील तसं प्रत्येक नवीन व्हेक्टरचं काम जड होत जातं.

आता दुरुस्ती. या तिन्ही वस्तू सोडण्याचं फंक्शन लिहिलं, पण त्यातला क्रम महत्त्वाचा. आधी व्हीएफआयओला सांगून कार्डाकडून येणं बंद करायचं. मग केव्हीएममधून आयआरक्यूएफडी डी-असाइन. त्यानंतर रूटची नोंद काढून टेबल पुन्हा पाठवायचं. मग इव्हेंटएफडी क्लोज, आणि सगळ्यात शेवटी तो जीएसआय वापरात असल्याची खूण असलेला बिट मोकळा. बिट आधी मोकळा केला आणि दुसऱ्या पोर्टने तोच जीएसआय उचलला, तर जुन्या आयआरक्यूएफडीवर आलेली उशिराची खूण नव्या मालकाच्या व्हेक्टरवर जाऊन पडते. तसा दोष शोधणं गळतीपेक्षा कितीतरी अवघड.

गळतीची दुसरी वाट रिसेटची निघाली. गेस्टमध्ये सिसआरक्यू-बी दाबून तडकाफडकी रीबूट केलं, तर ड्रायव्हरला एमएसआय-एक्सचा तो १५ वा बिट बंद करायची संधीच मिळत नाही. व्हीएमएम आभासी कॉन्फिग स्पेस (कार्डाच्या सेटिंगची रजिस्टरं) शून्य करतो, बिटही शून्य होतो, पण सोडण्याचं फंक्शन कोणी बोलावत नाही. पुढच्या लोडला व्हीएमएमला वाटतं हे पहिलंच, आणि नवे पाच इव्हेंटएफडी. व्हीएफआयओ जुन्याच्या जागी नवा ट्रिगर बसवतो, म्हणून होस्टच्या यादीत इथेही पाचच ओळी. आता कॉन्फिग शून्य करण्याआधी तेच फंक्शन चालतं, आणि ते दोनदा चाललं तरी बिघडणार नाही असं ठेवलंय. चुकीच्या वेळी इव्हेंटएफडी मिळाला नाही तर आधीच घेतलेला जीएसआय परत करायचं त्या कोडमध्ये राहिलेलं होतं, तेही भरलं.

एक पर्याय काही जण सुचवतील: प्रत्येक पोर्टच्या टेबलएवढे इव्हेंटएफडी सुरुवातीलाच घेऊन ठेवायचे, सोडायची भानगडच नको. आय३५० च्या एका पोर्टची टेबल १० नोंदींची, तिथे चालेल. पण एमएसआय-एक्सची कमाल एका फंक्शनला २०४८ आहे. मोठ्या टेबलची एक-दोन उपकरणं लावली की राउटिंगची जागा नुसती अडून राहील. मला लागेल तेव्हा घेणं आणि नेमानं सोडणंच पटतं.

सध्याची स्थिती: ड्रायव्हर काढ-घाल करणारं लूप गेस्टमध्ये रात्रभर चालवलं, एफडीचा आकडा ३८ आणि ४३ यांच्यातच फिरतोय. सिसआरक्यू-बी नंतरही तसंच. पॅच मूळ प्रकल्पाला पाठवलाय. पुढची फेरी एनव्हीएमई (एसएसडी) पासथ्रूची. तिथे ड्रायव्हर सीपीयूगणिक क्यू मागतो, म्हणून व्हीसीपीयू (गेस्टचे आभासी सीपीयू) वाढवून तीच मोजणी करायची आहे. तुमच्यापैकी कोणाकडे एएमडीचं मशीन असेल तर ड्रायव्हर काढण्याआधी आणि नंतर तुमच्या व्हीएमएम प्रोसेसमधले इव्हेंटएफडी मोजून आकडे कळवा, कार्डाचं नाव आणि व्हीसीपीयूंची संख्या सोबत.