तुम्ही विचारलंत म्हणून: पहिली गोळी कोणाची?

"पण आधी गोळी कोणी झाडली?"

लडलोची गोष्ट, म्हणजे 1914 मध्ये संपावरच्या खाण कामगारांच्या तंबूंवर राज्याच्या शिपायांनी केलेल्या हल्ल्याची, सांगितली की हा प्रश्न येतोच. मी अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात राहते, इथल्या कामगार चळवळीबद्दल अधूनमधून लिहिते, बोलते. ऐकणारे मराठी असोत नाहीतर इथले, कोणीतरी हात वर करतंच. प्रश्नामागचा हिशेब कळतो मला. संपवाल्यांनी आधी झाडली असेल तर पुढे झालं ते त्यांनी ओढवून घेतलं. शिपायांनी झाडली असेल तर ते खुनी. एवढं ठरलं की आपण मोकळे.

म्हणून सरळ उत्तर आधी देऊन टाकते. 20 एप्रिल 1914, सोमवार. दक्षिण कोलोरॅडोत ट्रिनिडाद गावाच्या उत्तरेला लडलो नावाचं छोटं रेल्वे स्टेशन. जवळच्या माळावर संपावरच्या कोळसा कामगारांचे दोनेकशे तंबू, त्यात बाराशेच्या आसपास माणसं. आदल्या दिवशी ग्रीक ईस्टर झालेला. सकाळी वसाहतीचा पुढारी लुई टिकास शिपायांचा अधिकारी मेजर हॅमरॉक याच्याशी बोलायला स्टेशनवर गेला. तेवढ्यात टेकाडावर मशीनगन चढवताना दिसली, काही ग्रीक कामगार बंदुका घेऊन रेल्वेसाठी खोदलेल्या चरीकडे धावले, शिपायांनी इशाऱ्याचे बार उडवले, आणि गोळीबाराला तोंड लागलं. कोणाकडून लागलं, यावरच्या शपथेवरच्या साक्षी एकमेकींना खोट्या पाडतात. शंभर वर्षांत याचा निकाल लागलेला नाही, आणि आता लागायचाही नाही.

मला स्वतःला दुसराच प्रश्न पडतो. समोर बंदूक घेऊन उभ्या असलेल्या वर्दीतल्या माणसाला पगार कोण देत होतं?

त्यासाठी थोडं मागे जायला हवं. या भागातली सगळ्यांत मोठी कंपनी कोलोरॅडो फ्युएल अँड आयर्न, आणि तिच्यात सगळ्यांत मोठा हिस्सा रॉकफेलर घराण्याचा. खाणीजवळची वस्ती म्हणजे कंपनीची जमीन. घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, डॉक्टर कंपनीचा, शाळेतली बाईसुद्धा कंपनीच्या मर्जीतली. खाणीत कोणी मेलं की चौकशीला बसणारे पंच शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या (जिल्ह्याच्या) निवडून आलेल्या पोलीसप्रमुखाच्या, ओळखीतले, आणि जवळजवळ प्रत्येक मृत्यूला मेलेल्या माणसाचाच निष्काळजीपणा कारण ठरायचा.

मजुरी टनावर. म्हणजे बाहेर आलेल्या कोळशाचेच पैसे. छताला लाकडी टेकू लावणं, रूळ टाकणं, पडलेला दगड उपसणं, हे सगळं फुकट. टेकू लावत बसलं तर चूल पेटत नाही, आणि नाही लावला तर छत खाली येतं. कोलोरॅडोच्या खाणी देशातल्या अतिशय जीवघेण्या खाणींत गणल्या जायच्या, त्याचं निम्मं कारण या हिशेबात आहे.

माझ्या ओळखीतले एक काका वणीकडे कोळसा खाणीत होते. 1973 ला खाणी सरकारकडे जायच्या आधी खाजगी मालकाकडे लागलेले. संपकऱ्यांच्या सात मागण्या मी त्यांना वाचून दाखवल्या. युनियनला मान्यता, दरवाढ, आठ तासांचा दिवस, हे सगळं ते मान हलवत ऐकत होते. 'कोळसा जोखताना काट्यावर कामगारांनी निवडलेला माणूस हवा' ही मागणी आली तेव्हा मात्र त्यांनी मला थांबवलं. "ही खरी," म्हणाले. "आमचा टब काठोकाठ भरलेला असायचा, तरी कमी भरला म्हणून कापायचे. काटा कोणाच्या हातात, त्यावर सगळं." आधी गोळी कोणी झाडली, हे त्यांनी विचारलं नाही.

आणि गंमत बघा. आठ तासांचा दिवस, काट्यावरचा माणूस, हव्या त्या दुकानात सामान घ्यायची मोकळीक, यातलं बरंचसं कोलोरॅडोच्या कायद्यात आधीपासून होतं. सातवी मागणी तर तीच होती: राज्याचे खाणकायदे पाळा आणि कंपनीचे पहारेकरी हटवा. कायदा अमलात यावा म्हणून ही माणसं 23 सप्टेंबर 1913 ला संपावर गेली. कंपनीने घरं खाली करायला लावली. बायकापोरं, गाद्या, भांडी गाड्यांवर घालून लोक युनियनने उभारलेल्या तंबूंत आले. ग्रीक, इटालियन, मेक्सिकन, स्लाव्ह. एकाची भाषा दुसऱ्याला कळेना. कंपनीने मुद्दामच वेगवेगळ्या मुलखांतले मजूर एकत्र आणले होते.

कंपनीने बाल्डविन-फेल्ट्स या खाजगी गुप्तहेर संस्थेची माणसं बोलावली. त्यांनी एका मोटारीला पोलादी पत्रे ठोकले, वर मशीनगन बसवली, आणि तंबूंच्या आसपास ती फिरवू लागले. कामगारांनी तिचं नाव ठेवलं 'डेथ स्पेशल'. शेरीफने अशाच लोकांना डेप्युटीचे, म्हणजे आपल्या हाताखालच्या पोलिसांचे, बिल्ले वाटले. म्हणून तंबूंखाली खड्डे खणले गेले, गोळ्या सुरू झाल्या की बायकापोरांना उतरायला.

ऑक्टोबरच्या शेवटी राज्याचा गव्हर्नर अमन्स याने नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याची फौज, पाठवलं तेव्हा संपकऱ्यांनी त्याचं बँड लावून स्वागत केलं होतं. सरकार आलं, आता न्याय होईल! त्या गार्डचा सेनापती जॉन चेस हा डेन्वरचा डोळ्यांचा डॉक्टर. जानेवारीत ट्रिनिडादला बायकांनी मोर्चा काढला, त्यात हे महाशय घोड्यावरून पडले, बायका हसल्या, आणि त्यांनी घोडेस्वारांना मोर्चावर घालण्याचा हुकूम सोडला. हे नाटकात दाखवलं तर पटणार नाही.

खरी मेख पुढे आहे. फौज पोसता पोसता राज्याची तिजोरी रिकामी झाली. वसंत ऋतूपर्यंत बहुतेक शिपाई घरी गेले आणि त्यांच्या जागी नव्या तुकडीत भरती झाले ते खाणींचे पहारेकरी आणि कंपनीचे नोकर. अंगावर राज्याची वर्दी, पगार कंपनीचा. 20 एप्रिलला माळावर उभे होते ते हे.

दिवसभर गोळीबार चालला. संध्याकाळी तंबूंना आगी लागल्या, लावल्या गेल्या. टिकास पकडला गेला. लेफ्टनंट लिंडरफेल्टने त्याच्या डोक्यात बंदूक एवढ्या जोरात हाणली की दस्ता मोडला. नंतर टिकास पाठीत गोळ्या लागलेला सापडला, आणि त्याचं प्रेत रुळांजवळ येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांना दिसेल असं पडून राहिलं. एका तंबूखालच्या खड्ड्यात दोन बायका आणि अकरा मुलं धुराने गुदमरून मेली. मेरी पेट्रुची त्याच खड्ड्यातून जिवंत बाहेर आली, तिची तिन्ही मुलं आली नाहीत.

तो खड्डा आजही आहे. आता त्याला सिमेंटच्या भिंती आहेत, वर लोखंडी झाकण. झाकण उचलून पायऱ्यांनी उतरता येतं. आत दोघं-तिघं उभी राहिली की तिसरा चौथ्याला "जरा सरका" म्हणेल एवढीच जागा. माझ्याबरोबरच्या पाहुण्यांपैकी बरेच जण अर्ध्या पायरीवरूनच मागे फिरतात, आणि मी आग्रह करत नाही.

यापुढचं सांगितलं नाही तर मी अप्रामाणिक ठरेन. बातमी पसरल्यावर कामगारांनी बंदुका घेतल्या आणि दहा दिवस खाणींवर हल्ले केले, इमारती जाळल्या, पहारेकरी मारले. त्या दहा दिवसांत मेलेल्यांचा आकडा लडलोपेक्षा मोठा आहे. आणि 1922 मध्ये इलिनॉयमधल्या हेरिनला तर संपकऱ्यांनी, सुखरूप जाऊ देण्याच्या वचनावर शरण आलेल्या संपफोड्यांना आणि पहारेकऱ्यांना हाल करून मारलं. तिथला शेरीफ युनियनकडे झुकलेला होता, आणि नेमका त्या वेळी तो जागेवर नव्हता. शिक्षा कोणालाच झाली नाही. म्हणजे बिल्ला एका बाजूच्या खिशात गेला की काय होतं, ते दोन्हीकडून बघायला मिळतं.

लडलोनंतरची मारामारी थांबली कशी? राष्ट्राध्यक्ष विल्सनने केंद्राची फौज पाठवली आणि थोड्याच दिवसांत बंदुका शांत झाल्या. सात वर्षांनी वेस्ट व्हर्जिनियात हेच झालं. तिथे लोगन काउंटीचा शेरीफ डॉन चॅफिन याच्या डेप्युटींचे पगार उघडउघड कोळसा मालकांची संघटना भरत होती. ऑगस्ट 1921 च्या शेवटी हजारो कामगार गळ्यात लाल रुमाल बांधून ब्लेअर डोंगरावर चालून गेले. चॅफिनच्या बाजूने भाड्याच्या विमानांतून त्यांच्यावर बॉम्ब टाकले गेले. केंद्राची पलटण आली तेव्हा मात्र कामगारांनी शस्त्रं खाली ठेवली. त्यांच्यातले कितीतरी जण नुकतेच पहिल्या महायुद्धातून परतलेले होते, त्या वर्दीवर ते गोळी झाडणार नव्हते.

केंद्राची फौज म्हणजे देवमाणसं, असं नाही हं. 1899 मध्ये आयडाहोत संपकऱ्यांनी बंकर हिल या खाण कंपनीचा खनिजावर प्रक्रिया करणारा कारखाना डायनामाइटने उडवला, तेव्हा याच फौजेने शेकडो कामगार कोंडवाड्यात महिनोन्महिने डांबले होते. पण निदान ती मालकाच्या पगारपत्रकावर नव्हती, आणि तेवढ्याने फरक पडायचा.

लडलोच्या दोन आठवडे आधी, 6 एप्रिल 1914 ला, कंपनीच्या मालक घराण्यातले धाकटे रॉकफेलर वॉशिंग्टनला संसदीय समितीपुढे बसले होते. तुमची सगळी मालमत्ता गेली, सगळे कामगार मारले गेले, तरी युनियनला मान्यता देणार नाही का, असं विचारल्यावर त्यांनी हा थोर तत्त्वाचा प्रश्न असल्याचं सांगितलं. डिसेंबरमध्ये युनियनचा पैसा संपला आणि संप मागे घेतला गेला. मान्यता मिळाली नाही. लिंडरफेल्टच्या लष्करी खटल्यात मारहाण केल्याचं सिद्ध झालं, पण त्यात गुन्हा काही नाही असं न्यायालयाने ठरवलं. उलट खुनाची शिक्षा झाली युनियनचा पुढारी जॉन लॉसन याला. ती पुढे वरच्या न्यायालयात रद्द झाली.

आता एवढं ऐकल्यावर लोक विचारतात, मग कोणाचंच काही वाकडं झालं नाही का? एकाचं झालं, पण खुनाच्या खटल्यात नाही. लडलोच्या शेजारच्या ह्युअरफानो काउंटीत जेफ फार नावाचा शेरीफ होता. संपाच्या वर्षी शेकडो बाहेरच्या बंदूकवाल्यांना डेप्युटी करणारा हा. 1914 च्या नोव्हेंबरात तो पुन्हा निवडून आला. हरलेला उमेदवार कोर्टात गेला. मतदान केंद्रांच्या सीमा खाणींच्या कुंपणाबरहुकूम आखलेल्या होत्या. केंद्र कंपनीच्या जागेत, मतदार कंपनीचे, आणि विरोधी पक्षाच्या माणसाला प्रचाराला तर सोडाच, आत पाऊल टाकायलाही बंदी. 1916 मध्ये कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने ती सगळी मतं बाद केली आणि फारला खुर्चीवरून उतरवलं.