भरून द्यायला तुमचं काय जातं?

जुना फोटो दुरुस्तीला आणणारे बहुतेक जण हे विचारतातच. पूर्वी त्यात विनवणी असायची, आता हिशेब असतो. मोबाइलवर दोन मिनिटांत फुकट होतंय, तुम्ही महिना लावता, पैसे घेता आणि वर चेहऱ्याचा गेलेला भाग कोराच ठेवता. भरून द्यायला तुमचं काय जातं?

विचारलंत म्हणून एकदाचं सांगून टाकतो.

डाग काढायला माझी ना नाही. चीर बुजवतो, घडीची रेघ घालवतो, कसरीनं खाल्लेला कोपरा, स्टुडिओचा पडदा, लुगड्याचा काठ, सगळं भरतो. काठ पुढं कसा गेला असेल ते उरलेल्या काठावरून कळतं. डोळ्याचं तसं नाही. एका डोळ्यावरून दुसरा काढता येत नाही. आरशात बघा, तुमचेही दोन डोळे सारखे नसतील.

आता तुम्ही म्हणाल, फार सोवळं. खरं आहे. विशीत मी ज्या स्टुडिओत टचिंग शिकलो तिथं सोवळं-ओवळं काही नव्हतं. देशातला देवीचा शेवटचा रोगी 1975 साली सापडला, पण वण माणसांच्या तोंडावर राहिले होते. वणाच्या खड्ड्यातली सावली निगेटिव्हवर फिकी उतरते. तिथं टोकदार पेन्सिलीनं शिसं भरलं की प्रिंटमध्ये गाल गुळगुळीत. असे किती गाल मी गुळगुळीत केले! त्यातलेच काही आता नातवंडं स्कॅनिंगला आणतात आणि आजीचा चेहरा किती नितळ होता म्हणून एकमेकांना दाखवतात. मी स्कॅनरची काच पुसत राहतो.

शिवाय आजोबा एका फोटोतले, आजी दुसऱ्या लग्नातल्या ग्रुपमधली, दोघांना शेजारी बसवा, ही ऑर्डर मी आजही घेतो. जोडीनं फोटो काढायची पद्धतच नव्हती कित्येक घरांत. मग हे चालतं आणि ते का नाही? दोघांचेही चेहरे खरे असतात, असं माझं उत्तर. लंगडं आहे, ठाऊक आहे.

2019 च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी सांगलीच्या गावभागात शिरलं. पाणी उतरल्यावर माझ्याकडं अल्बम यायला लागले, काही तर विटेसारखे घट्ट झालेले. रंगीत प्रिंटमध्ये निळसर थर सगळ्यात वर, मग किरमिजी, तळाशी पिवळा. घाण पाणी वरून खात जातं, म्हणून फोटो आधी लाल-केशरी, मग नुसता पिवळा, शेवटी पांढरा. कालपरवाच्या लग्नांचे अल्बम गेले आणि साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे ब्रोमाइड, म्हणजे काळे-पांढरे फोटो, चिखल धुतल्यावर बऱ्यापैकी निघाले. तेव्हा एक भाऊ-बहीण आले. आईचा एकुलता एक फोटो. बहीण पाळण्यात असतानाच आई गेलेली.

फोटो फ्रेममध्ये होता. फोटोचं चित्र ज्या थरात असतं ते जिलेटिन ओलं झालं की काचेला चिकटतं आणि वाळलं की सोडत नाही. भावानं तो जोर लावून ओढून काढला होता. आपल्या डाव्या हाताची बाजू शाबूत: भांग, कान, कानातली कुडी, एक डोळा. उजवीकडं नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत पांढरा कागद.

“काच कुठाय?”

“फुटली होती. टाकून दिली की.”

चेहरा त्या काचेवर होता. काच आली असती तर तिच्यासकट स्कॅन करून दोन्ही भाग जुळवता आले असते, निदान प्रयत्न झाला असता. हे मी त्याला सांगितलं नाही. बहिणीसमोर सांगून काय साधणार होतं? कोरा भाग सपाट करडा ठेवून मी फोटो दिला. ती म्हणाली, “दादा, एवढं करून द्या की.” मी नाही म्हणालो. भाऊ पैसे ठेवून निघून गेला.

गेल्या दिवाळीच्या आधी बहीण परत आली. बरोबर भाचा आणि थकलेली मावशी. भाच्यानं मोबाइलवर चेहरा पूर्ण केला होता, मोठी प्रिंट हवी होती. काम सफाईचं होतं, नाकारण्यात अर्थ नाही. फक्त डोळे दोन्ही एकसारखे, आणि ओठांवर किंचित हसू. त्या काळी कॅमेऱ्यासमोर हसायचं कुणाला सुचायचं? मी मावशींकडं पाहिलं. त्या बाईला पाहिलेली जिवंत माणसं आता तेवढीच.

मावशींनी पडद्याला हात लावला. “हीच गं ती. पण चमकी कुठं गेली हिची?”

कोणत्या बाजूला घालायच्या, मी विचारलं. त्यांनी स्वतःच्या नाकाच्या डाव्या पाकळीवर बोट ठेवलं. नेमकी गेलेली बाजू.

बहीण म्हणाली, “दादा, चमकी तेवढी घाला.”

आणि मी घातली. खडा लहान, वरून उजेड पडलेला. त्या भागात खरं म्हणण्यासारखं तेवढंच होतं, आणि तेही मी रंगवलेलं. प्रिंट काढून दिली, मागं स्टुडिओचा शिक्का मारला नाही. त्यानं काय फरक पडतो, हे मलाही सांगता येणार नाही.

भाच्यानं मात्र धरलंच. “काका, चमकी चालते आणि डोळा चालत नाही?”

चमकी मावशींनी पाहिली होती, मी म्हणालो.

“डोळापण त्यांनीच ओळखला की.”

त्याला मी उत्तर दिलं नाही, कारण नव्हतं. मावशींनी हसूही ओळखलं असेल, किंवा इतक्या वर्षांनी समोर आलेल्या कुठल्याही चेहऱ्याला त्या हो म्हणाल्या असत्या. पुढच्या खेपेला त्यांना तो कोरा फोटो दाखवला तर कुठला चेहरा आठवेल? हा विचार मला छळतो, त्यांना नाही. बहिणीच्या घरात आता आई आहे. माझ्या करड्या पट्ट्यापेक्षा ते बरं, असं ती म्हणाली तर मी काय बोलू?

तरी अजून मी चेहरा भरत नाही. ज्यांना भरायचाय त्यांनी खुशाल भरावा. माझ्याकडून न सुधारलेला स्कॅन तेवढा घेऊन जा आणि भरलेल्या फोटोबरोबरच ठेवा. आणि काचेला चिकटलेला फोटो कृपा करून ओढू नका, काचेसकट आणा. काच फुटली असेल तर तुकडे आणा, बोटं सांभाळून.