पावसाआधीची रद्दी

चिपळूणच्या बाजारपेठेत तळमजल्यावर आमचे करसल्ल्याचे छोटेसे कार्यालय आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी आत शिरले, तेव्हा खालच्या दोन कप्प्यांतील फायली फुगून इतक्या घट्ट बसल्या की कपाट पहारीने उचकटावे लागले. चिखलाने माखलेला तो लगदा एकाही रद्दीवाल्याने घेतला नाही आणि सगळा कागद कचऱ्याच्या गाडीत गेला. नको असलेला कागद वेळीच बाहेर काढला असता, तर निदान त्यातला निम्मा वाया गेला नसता.

पुढच्या वर्षी मी घरची आणि कार्यालयाची रद्दी एकत्र बांधली खरी, पण ती न्यायला जूनचा दुसरा आठवडा उजाडला. रद्दीवाल्याने गठ्ठा काट्यावर ठेवण्याआधी त्याच्या मधोमध हात घातला, क्षणभर तसाच ठेवला आणि म्हणाला, "सर, वरनं सुका आहे, पोटात ओला आहे." ओल्या कागदाचे वजन खोटे भरते आणि गोदामात चार दिवस पडला की तो शेजारच्या चांगल्या मालालाही बुरशी लावतो, एवढे त्याने समजावून सांगितले व गठ्ठा परत केला. आपल्याकडच्या हवेत कागद न भिजताही ओलावतो, हे माहीत असूनही मी तो महिनाभर जिन्याखाली ठेवला होता.

तेव्हापासून हे काम मेमध्येच होते. आधी कोणता कागद काढता येईल ते पाहावे लागते. जीएसटीची हिशेबपुस्तके वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवणे बंधनकारक असल्यामुळे जुने दिसले की टाकले, असे आमच्या धंद्यात चालत नाही. उरलेल्याची वर्गवारी करताना एका बाजूला छापलेला किंवा लिहिलेला पांढरा कागद वेगळा काढतो, कारण त्याला वर्तमानपत्रापेक्षा चांगला भाव मिळतो. पुठ्ठा वेगळा आणि वर्तमानपत्रे वेगळी.

पिना काढण्यात मी पहिल्या वर्षी दोन संध्याकाळी घालवल्या, त्या फुकटच गेल्या. कारखान्यात कागद पाण्यात घुसळून त्याचा लगदा करतात, तेव्हा पिना, टाचण्या चाळणीत अडकतात. पुढे साबणासारखे द्रव्य घालून हवेचे बुडबुडे सोडले की शाई फेसाबरोबर वर येते आणि ती काढून टाकतात. खरा त्रास होतो तो चिकटपट्टीचा आणि प्लॅस्टिकचा मुलामा असलेल्या कागदाचा. लग्नपत्रिका हातात आली की मी तिचा कोपरा फाडून पाहतो. कडेला पातळ पापुद्रा लोंबला, तर ती रद्दीत जात नाही. चहाचे कागदी पेलेही याच कारणाने बाद होतात. दुकानातील गुळगुळीत पावतीवर नख ओढले आणि काळी रेघ उमटली, तर तो उष्णतेने छापणारा, रसायन लावलेला कागद असतो, तोही बाजूला.

घरी अडचण निराळी होती. मासळी गुंडाळून आलेले वर्तमानपत्र आई सवयीने घडी घालून रद्दीवर ठेवत असे. (छापील कागदात खाद्यपदार्थ बांधू नयेत, असे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्येच सांगितले आहे, पण बाजारात ते कोण ऐकतो!) तेलकट किंवा वशाट कागद लगद्याला चालत नाही, म्हणून तो आता तुकडे करून माडाच्या बुंध्याशी पालापाचोळ्याखाली जातो.

ग्राहकांच्या आधार आणि पॅनच्या प्रतींचे काय करावे, हा प्रश्न मात्र मला बराच काळ सुटला नव्हता. यंत्रात बारीक पट्ट्या केल्या की कागदाचा तंतू तुटून आखूड होतो. आधीच प्रत्येक पुनर्वापरात तो आखूड होत जातो, त्यामुळे अशा पट्ट्यांना भाव कमी. म्हणून सरसकट सगळे कापणे मी बंद केले. ओळखपत्रांच्या प्रती आणि बँकेची उतारापत्रे तेवढी यंत्रात घालतो, आणि त्या पट्ट्या गोणीत भरून वेगळ्या देतो.

यंदा गठ्ठे माडीवर, भिंतीपासून हातभर दूर, लाकडी फळ्यांवर रचले होते आणि मेच्या मध्याला टेम्पोत घातले. कुंभार्ली घाटाने वर जाणारी गाडी दोन दिवसांत भरायची होती, म्हणून रद्दीवाला घाईत होता. तरीही त्याने पहिल्या गठ्ठ्याच्या मधोमध हात घातला, आणि काही न बोलता तो काट्यावर ठेवून दुसरा उचलला.