भेकाचे बेडूकमासे घरच्या टाकीत वाढवताना

बेळगावजवळच्या येळ्ळूर शिवारात आमच्या बांधालगत पॉवर टिलरच्या चाकोरीत पाणी साचले होते आणि मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर भेकांनी, म्हणजे खरखरीत कातडीच्या बेडकांनी (इंग्रजीत टोड), त्यात अंडी घातली होती. भेकाची अंडी पारदर्शक, बुळबुळीत दोऱ्यात काळे मणी ओवावेत तशी लांबच लांब ओळीने असतात, त्यामुळे ती ओळखणे अवघड नाही. अंड्यांतून पिल्ले बाहेर पडली आणि नेमकी पावसाने उघडीप दिली. चाकोरीतले पाणी झपाट्याने आटू लागले, तेव्हा त्यातले काही बेडूकमासे घरच्या काचेच्या टाकीत वाढवून पुन्हा त्याच बांधावर सोडायचे, असे मी आणि माझ्या मुलीने ठरवले. मी शाळेत विज्ञान शिकवते; बेडकाच्या वाढीच्या अवस्थांची आकृती मुले पाठ करतात, पण त्या अवस्थांमधील बदल किती खोलवर होतो, हे त्या आकृतीतून कळत नाही, अशी रुखरुख मला नेहमी वाटत आली आहे.

दोन गोष्टी आम्ही आधीच पक्क्या केल्या. मोठे बेडूक धरून आणायचे नाहीत आणि खानापूरकडच्या जंगलातून काहीही उचलायचे नाही. २०११ साली अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या भीमगडच्या परिसरात पश्चिम घाटाबाहेर कोठेही न आढळणारे बेडूक आहेत. तेथील एक अंडेही घरी आणणे मला योग्य वाटत नाही. शेतातल्या पाण्यातूनही पारखूनच घ्यावे लागते, कारण पावसात डरकणाऱ्या मोठ्या पिवळसर बेडकाची, म्हणजे इंडियन बुलफ्रॉगची, पिल्ले मांसाहारी असतात आणि टाकीसारख्या बंदिस्त जागेत ती इतर बेडूकमासे खाऊन टाकतात. आम्ही फक्त घोळक्याने फिरणारे, लहान, काळेभोर असे भेकाचेच बेडूकमासे घेतले आणि तेही मोजकेच, कारण गर्दी झाली की त्यांच्या विष्ठेतून तयार होणारा अमोनिया पाण्यात साचतो.

टाकीत पूर्वी गप्पी मासे होते. त्यांना वेगळ्या भांड्यात हलवले, कारण गप्पी बेडूकमाशांच्या शेपट्या कुरतडतात आणि एकाचे रोग दुसऱ्याला लागण्याचाही धोका असतो. टाकी साबण न लावता गरम पाण्याने धुऊन उन्हात खडखडीत वाळवली. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून ते उघड्या बादलीत दिवसभर ठेवून मगच वापरले. ओढून घेणारा फिल्टर काढून हळूहळू बुडबुडे सोडणारा स्पंज फिल्टर लावला. एक दिवसाआड पाव हिस्सा पाणी बदलत राहिले. खाणे सोपे होते : उकडून मऊ केलेला कोबी किंवा पालकाचे पान चिमूटभर, उरलेला चोथा संध्याकाळी आठवणीने काढायचा, नाहीतर पाणी नासते.

मागचे पाय फुटेपर्यंत फारसे काही करावे लागत नाही. खरी कसोटी पुढचे पाय बाहेर येताना लागते. हे पाय कातडीखाली आधीच तयार असतात आणि एकाएकी बाहेर पडतात. त्याच सुमारास वनस्पती खरवडणारी कठीण चोच गळून पडते, तोंड रुंद होते, वेटोळ्याचे लांब आतडे आखडून लहान होते, कल्ले जिरतात आणि श्वासाचा भार फुप्फुसांवर व त्वचेवर येतो. या काळात पिल्लू काहीही खात नाही. शेपूट शरीरात जिरते आणि त्यावरच त्याचे भागते. हे सगळे थायरॉईड ग्रंथीच्या स्रावामुळे घडते. गुडरनाच या संशोधकाने १९१२ साली बेडूकमाशांना थायरॉईड ग्रंथी खाऊ घातली, तेव्हा ते वेळेआधीच बेडूक होऊ लागले होते. वर्गात हा प्रयोग मी अनेकदा सांगितला आहे, पण शेपूट रोज थोडी थोडी आखूड होताना टाकीत पाहिली तेव्हा त्या प्रयोगाचे मोल मला खऱ्या अर्थाने उमगले.

म्हणूनच टाकीलाही प्राण्याबरोबर बदलावे लागते, कारण मासा म्हणून वाढलेला हा जीव आता खोल पाण्यात बुडून मरू शकतो. पहिल्या पिल्लाचा पुढचा पाय दिसताच आम्ही टाकीची एक बाजू विटेवर उचलून घेतली, पाणी दोन बोटांवर आणले, वरच्या बाजूला धुतलेल्या वाळूचा उतार केला आणि सावलीसाठी करवंटीचे तुकडे पालथे घातले. ही पिल्ले ओल्या काचेवरूनही चढतात, त्यामुळे वर मच्छरदाणीचे कापड ताणून बांधले. तरी काही पिल्ले या टप्प्यावर दगावलीच. निसर्गात तर बहुसंख्य पिल्ले इथवर पोहोचतही नाहीत, हे ठाऊक असूनही मुलीला फार वाईट वाटले आणि मलाही.

शेपूट गेलेले पिल्लू जेमतेम सेंटिमीटरभर असते आणि हलणारे भक्ष्यच खाते. शेजारच्या कन्नड अक्कांनी त्यांच्याकडची अति पिकलेली केळी आवर्जून आणून दिली. त्यांवर जमलेली चिलटे टाकीत सोडली की पिल्ले टपून बसत आणि नेम धरून जीभ मारत. पण इतक्या लहान जिवांना रोज पुरेल एवढे जिवंत खाद्य घरात मिळवणे कठीण आहे, आणि माझ्या मते याच कारणासाठी त्यांना फार दिवस ठेवू नये.

पावसाची रिपरिप पुन्हा सुरू झाल्यावर, संध्याकाळच्या वेळी, त्यांना त्याच बांधावरच्या गवतात सोडले. दुसऱ्या ओढ्यावर किंवा तळ्यावर सोडणे टाळावे, कारण जगभर बेडकांचा संहार करणारी कायट्रिड बुरशी अशाच स्थलांतरातून पसरते. टाकीतले पाणीही शेतात न ओतता घरच्या कुंड्यांना घातले आणि जाळी कडक उन्हात वाळवली. शेपटीचा ठिपका उरलेली काही पिल्ले मात्र मागे ठेवून घेतली. शेपटी पूर्ण आटून ती चिलटे धरू लागल्यावर माझ्या सासऱ्यांनी त्यांना डब्यातून शिवारात नेले, आणि त्यानंतरच टाकी पुन्हा धुऊन, वाळवून गप्पींसाठी मोकळी केली.