टाके की पट्टी

बेलापूरच्या ऑफिसात महिनाअखेरीला मी समुद्रातल्या तेल-वायूच्या प्लॅटफॉर्मवरचे सेफ्टीचे आकडे जुळवते. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी तिथल्या मेडिकचा फोन आला. ‘‘मॅडम, फिटरचं बोट खोल कापलंय. चार टाके पडतील. पण सुपरवायझर म्हणतात, पट्टीवर भागवा.’’

कारण विचारावं लागलं नाही. टाका घातला की नोंद ‘वैद्यकीय उपचार’ अशी होते आणि दुखापतींच्या दरात धरली जाते. पट्टी लावली तर तो ‘प्रथमोपचार’, दरात येत नाही. दर कामाच्या दहा लाख तासांमागे काढतात. आमचे त्या महिन्याचे तास 50 हजार. एका बोटापायी दर शून्यावरून 20 वर जाणार होता.

‘‘आधी टाके घाला,’’ मी म्हणाले.

पाठोपाठ सुपरवायझरांचा फोन. ‘‘मॅडम, एका बोटासाठी?’’

हे शब्द मला फार लागले. 27 जुलै 2005 ला मुंबई हायवर सुरुवात बोटांपासूनच झाली होती. ‘समुद्र सुरक्षा’ जहाजावरच्या स्वयंपाक्याची बोटं कापली. पावसाळी हवेत हेलिकॉप्टर उडेना, म्हणून त्याला वर घ्यायला जहाज प्लॅटफॉर्मजवळ आणलं. ते गॅसच्या रायझरला, म्हणजे गॅस वाहणाऱ्या उभ्या पाइपला धडकलं, आग लागली. 22 माणसं गेली. एवढं मी त्यांना सांगितलं. ते गप्प राहिले.

मग फिटरशी बोलले. उरणकडचा पोरगा, कंत्राटी. फ्लँज, म्हणजे पाइपच्या जोडाची चकती, उघडायचं अवजार, स्प्रेडर, नव्हतं, म्हणून पाचर ठोकत होता. ती निसटली आणि फ्लँजच्या धारेवर बोट गेलं.

‘‘याआधी निसटली होती का रे?’’

‘‘दोनदा. लिहिलं नाही. लिहिलं की चौकशी लागते.’’

माझ्यासमोरच्या तक्त्यात त्या प्लॅटफॉर्मच्या ‘थोडक्यात टळलेले अपघात’ या रकान्यात तीन महिने शून्य होतं. ते शून्य मीच वर पाठवलं होतं. कधी शंका घेतली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

फोन ठेवताना त्याने विचारलं, ‘‘मॅडम, नोंद झाली तरी पुढच्या चौदा दिवसांच्या ड्युटीला बोलावतील ना मला?’’

मी 20 लिहिलं. न्हाव्याहून प्लॅटफॉर्मकडे सुटणाऱ्या बोटीवर दोन स्प्रेडर चढवायला सांगितले. आणि त्याची पुढची ड्युटी कायम आहे, हे कंत्राटदाराकडून लेखी येईपर्यंत त्या संध्याकाळी खुर्चीवरून उठले नाही.