फळीवरचे चार ग्लास

ब्रुअरीत, म्हणजे बिअर बनवतात तिथेच, सॅम्पलर मागवला की लाकडी फळीच्या खाचांत बसवलेले बिअरचे चार छोटे ग्लास समोर येतात. डावीकडून उजवीकडे रंग गडद होत जातो. पहिला गवताच्या काडीसारखा फिका, मग मधाळ, मग तांबूस आणि शेवटचा काळाकुळकुळीत. टेबलावर कुणीतरी विचारतंच, "यातली भारी कुठली?" या प्रश्नाचा मला राग येत नाही, फक्त उत्तर येत नाही. गव्हाची फिकी व्हीट बिअर आणि काळी स्टाउट यांत सरस कोण हे ठरवणं म्हणजे ठुमरी आणि पोवाड्याची स्पर्धा लावणं. फार तर प्रत्येकीला जे साधायचं होतं ते साधलं का, एवढं विचारता येतं. पण तिला काय साधायचं होतं हे कळायचं, तर ती मुळात कुठल्या गावची आणि तिथे ती अशीच का झाली, याचा थोडा माग काढावा लागतो. खरं सांगायचं तर बिअर पिण्यापेक्षा हा माग काढण्यातच माझा जीव जास्त रमतो.

सुरुवात पाण्यापासून करू, कारण बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक देशातल्या, पिल्सेन गावची बिअर एके काळी इतकी बिघडली होती, की 1838 साली लोकांनी छत्तीस पिंपं नगरभवनासमोर रस्त्यात ओतून दिली, असं सांगतात. मग गावानेच पैसे घालून नवी ब्रुअरी बांधली आणि बव्हेरियातून योसेफ ग्रोल नावाचा ब्रुअर आणला. हा गृहस्थ भयंकर तिरसट होता म्हणे. 1845 साली त्याचा करार संपला, तेव्हा गावाने तो वाढवला नाही. पण त्याआधी, 1842 च्या ऑक्टोबरात, त्याने जे काही केलं त्याने जगभरच्या बिअरचा रंगच बदलला. पिल्सेनचं पाणी कमालीचं हलकं, क्षार जवळजवळ नाहीतच. त्यात फिका भाजलेला माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), जवळच्याच झाटेत्सचे हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी वेलीची फुलं) आणि थंडीत सावकाश आंबवण्याचं काम करणारं लागर यीस्ट. या सगळ्यांतून सोनेरी, पारदर्शक, कडू असूनही जिभेला न ओरबाडणारी बिअर निघाली. हॉप्सची एवढी मात्रा चुनखडीच्या जड पाण्यात घातली असती, तर कडूपणा घशाशी खरखरत राहिला असता.

इंग्लंडमधल्या बर्टन गावाची गोष्ट उलटी. तिथल्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर. त्यातल्या सल्फेटमुळे हॉप्सचा कडूपणा कोरडा, धारदार होतो आणि घोट गिळल्यावर तोंड लख्ख होतं. लंडनचा हॉजसन आपली बिअर जहाजाने भारतात पाठवायचा. 1820 च्या दशकात बर्टनच्या ऑलसॉप आणि बॅस यांनी तो धंदा त्याच्या हातून काढून घेतला, आणि त्यात या पाण्याचा वाटा मोठा होता. डब्लिन आणि म्युनिकचं पाणी आणखी तिसऱ्याच तऱ्हेचं, अल्कलीकडे झुकणारं. अशा पाण्यात फिका माल्ट नीट उतरत नाही. गडद भाजलेलं धान्य मात्र स्वतःच थोडं आम्ल असतं, ते पाण्याला ताळ्यावर आणतं. तेव्हा तिथे काळी बिअर रुजली ती निव्वळ आवडीने रुजली नाही. अर्थात हे गणित मी सांगतोय तितकं सरळ नाही. पाणी उकळलं की चुना तळाशी बसतो, हे ब्रुअर मंडळींना फार पूर्वीपासून ठाऊक होतं.

आता पंचाईत अशी की हे सगळं आज पिशवीत मिळतं. एखाद्या ब्रुअरीच्या मागच्या बाजूला डोकावलं तर आरओचं यंत्र दिसतं, शेजारी जिप्सम आणि कॅल्शियम क्लोराइडच्या गोण्या आणि एक तराजू. पाण्यातलं होतं-नव्हतं ते आधी काढून टाकायचं, मग हव्या त्या गावाचे क्षार मोजून घालायचे. सकाळी पिल्सेन, दुपारी बर्टन. माल्ट एका देशातून, हॉप्स दुसऱ्या देशातून, यीस्ट प्रयोगशाळेतून. डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीच्या प्रयोगशाळेत एमिल हॅन्सनने 1883 साली यीस्टची एकच शुद्ध जात वेगळी करून वाढवली, तेव्हापासून यीस्टही गावाला बांधलेलं राहिलं नाही. मग 'स्थानिक बिअर' या पाटीत स्थानिक काय उरतं? फक्त ब्रुअरीचा पत्ता?

एका ठिकाणी अजून पुष्कळ उरलंय. ब्रसेल्समधून सेन नावाची नदी वाहते, पॅरिसची ती वेगळी. तिच्या खोऱ्यात लॅम्बिक बनते. माल्टचा उकळलेला रस छपराखालच्या उथळ, ऐसपैस तांब्याच्या किंवा पोलादाच्या हौदात रात्रभर उघडा ठेवतात. यीस्ट कुणी घालत नाही. गार रात्रीच्या हवेतून जे येईल ते येईल, जुन्या लाकडी पिंपांत जे दबा धरून बसलंय तेही कामाला लागेल. म्हणूनच हा उद्योग साधारण ऑक्टोबर ते एप्रिल एवढाच चालतो. उन्हाळ्याच्या हवेत नको ते जंतू फार. पुढे ती बिअर पिंपांत वर्षानुवर्षं पडून राहते. एक, दोन आणि तीन वर्षांच्या पिंपांचं मिश्रण करून बाटलीत पुन्हा आंबवली की तिची गूझ होते. ब्रेटनोमायसिस नावाचं यीस्ट तिला जो वास देतं त्याला जाणकार 'घोड्याचं घोंगडं' म्हणतात आणि तारीफ म्हणून म्हणतात. पहिल्या घोटाला बहुतेकांचं तोंड वाकडं होतं. तिसऱ्या घोटानंतरही वाकडंच राहिलं तर नाद सोडावा. ही बिअर कुणाला पटवायच्या भानगडीत पडू नये.

पाणी नाही, हवाही नाही, निव्वळ हट्टातून जन्मलेला फरक पाहायचा असेल तर कोलोन आणि ड्युसेलडॉर्फ. ऱ्हाइनच्या काठावरची ही शहरं एकमेकांपासून जेमतेम चाळीस किलोमीटर. दोन्हीकडे एल या उबेत आंबणाऱ्या बिअरसारखं वरच्या थरात काम करणारं यीस्ट वापरतात आणि दोन्हीकडे मग बिअर थंडीत मुरवतात. तरी कोलोनची क्योल्श फिकी, नाजूक, आणि ड्युसेलडॉर्फची आल्ट तांबूस, कडवट. एका शहरात दुसऱ्याची बिअर मागितली की कशी नजर मिळते ते अनुभवण्यासारखं असतं. क्योल्श कुणी म्हणवून घ्यावं यावर कोलोनच्या ब्रुअरींनी 1986 साली आपसांत करार केला आणि पुढे युरोपीय संघानेही त्या नावाला संरक्षण दिलं. ती वाढतात दोनशे मिलिलिटरच्या सरळसोट, काठीसारख्या ग्लासात. वेटर रिकामा ग्लास दिसला की न विचारता भरलेला ठेवतो आणि खालच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने एक रेघ ओढतो. पुरे झालं असेल तर पुठ्ठा ग्लासवर झाकायचा. तोंडाने नको म्हणून फारसा उपयोग होत नाही.

छोट्या ब्रुअरींची क्राफ्ट बिअरची चळवळ उभी राहिली तीही असल्या हट्टातूनच. 1965 साली फ्रिट्झ मेटॅगने सॅन फ्रान्सिस्कोतली बुडायला आलेली अँकर ब्रुअरी विकत घेतली. 1971 साली काही ब्रिटिश बिअरप्रेमींनी पिंपातल्या जिवंत एलसाठी 'कामरा' ही संघटना काढली. 1976 साली कॅलिफोर्नियात जॅक मॅकॉलिफने न्यू अल्बियन नावाची इवलीशी ब्रुअरी उभारली. ती फार वर्षं टिकली नाही, पण पुढच्यांना वाट दाखवून गेली. 1978 साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या सहीने अमेरिकेत घरी बिअर बनवणं कायदेशीर झालं. 1980 साली सिएरा नेव्हाडाने कॅस्केड हॉप्सच्या संत्र्याच्या सालीसारख्या वासाची पेल एल काढली आणि तिथल्या लोकांना कळलं, की बिअरला वासही असू शकतो.

सगळीकडे मिळणाऱ्या एकसारख्या, बेचव लागरविरुद्धचं हे बंड होतं. आणि आज? कुठल्याही शहरातल्या कुठल्याही नव्या ब्रुअरीत जा, पहिल्या टॅपवर गढूळ, आंब्या-अननसाच्या वासाची आयपीए, म्हणजे हॉप्सने भरलेली इंडिया पेल एल. सिट्रा आणि मोझॅक हेच हॉप्स, तोच रंग, आणि डब्यावर तशीच भडक चित्रं. एकसारखेपणाविरुद्ध भांडायला निघालेली माणसं नव्या एकसारखेपणात येऊन बसली. यातल्या काही बिअर अप्रतिम असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण दोन ब्रुअरींमधला फरक कळायला त्यांचा काही उपयोग नाही. हॉप्सचा एवढा मारा असला की खालच्या लहानसहान चुका बेमालूम झाकल्या जातात. मिरची, कॉफी, व्हॅनिला घातलेल्या स्टाउटचंही तेच.

म्हणून ब्रुअरी जोखायची तर तिची सगळ्यात साधी बिअर मागवावी. लागर असेल तर लागर, नसेल तर व्हीट. तिला लपायला जागा नसते. लोण्याचा वास आला तर डायअसेटिल राहिलंय, म्हणजे यीस्टला काम पुरं करू न देता घाई केली. उकडलेल्या मक्याचा आला तर रस नीट उकळला नाही किंवा तो थंड करायला वेळ लावला. ओल्या पुठ्ठ्यासारखी चव म्हणजे बिअर शिळी झाली, हवा लागली. आणि उग्र, नकोसा, जनावरासारखा वास आला तर उजेडाने घात केलाय. बिअरमधल्या रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वावर उजेड पडला की हॉप्सचे कडू घटक फुटतात आणि गंधकाचं एक संयुग तयार होतं. ते इतकं तीव्र की नाममात्र असलं तरी नाकाला कळतं. कडक उन्हात हे काही मिनिटांत होतं. तपकिरी बाटली याला बरंचसं अडवते, हिरवी फारसं नाही, डबा पूर्णपणे.

दोष नसलेल्या दोन व्हीट बिअर शेजारी ठेवल्या की खरी मजा सुरू होते. जर्मन पद्धतीच्या व्हीटला केळ्याचा आणि लवंगेचा वास असतो. केळी किंवा लवंग कुणी घातलेली नसते, दोन्ही वास यीस्टचेच. आंबवणं जरा उबेत झालं की केळं पुढे येतं. धान्य भिजवताना पंचेचाळीस अंशांच्या आसपास थोडा वेळ थांबलं की लवंगेला बळ मिळतं. म्हणजे एका ब्रुअरीची व्हीट केळ्याकडे झुकली आणि दुसरीची लवंगेकडे, तर तो दोन माणसांनी घेतलेला निर्णय आहे. टाकीचं तापमान कुठे ठेवायचं, किती वेळ थांबायचं, हे कुणीतरी ठरवलेलं असतं. माझ्यापुरतं 'स्थानिक' ते एवढंच, आणि मला ते कमी वाटत नाही.

हे करताना बिअर फार गार नको. गोठायला आलेल्या बिअरला वासच नसतो. ग्लास तळहातात धरून थोडा वेळ थांबावं, मग आधी नाक, मग घोट. आणि आपल्या जिभेचा फार अभिमान वाटू लागला असेल तर एक खेळ करून बघावा. चव तपासणारे व्यावसायिक तो रोज करतात. दुसऱ्याला तीन ग्लास भरायला सांगायचे, दोनांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी. आपण डोळे मिटून वेगळा ग्लास ओळखायचा. नुसतं अंदाजपंचे बोट ठेवलं तरी सरासरी तीनांत एकदा बरोबर येणारच, तेव्हा एका यशाने हुरळून जाऊ नये. आपण ठामपणे वेगळ्या म्हणत होतो त्या दोन बिअर अशा वेळी एकमेकींत किती बेमालूम मिसळतात, ते बघून भले भले गप्प होतात. नावाची पाटी, डब्यावरचं चित्र, बनवणाऱ्याची गोष्ट हे सगळं आपण घोटाबरोबर पीत असतो. त्यात गैर काही नाही, पण ते जिभेच्या खात्यावर मांडू नये.

जवळच्या ब्रुअरीचा एक फायदा मात्र आरओचं यंत्र आणि क्षारांच्या गोण्या हिरावून घेऊ शकत नाहीत, तो म्हणजे वेळ. हॉप्सचा वास नाजूक असतो, आठवड्या-आठवड्याला उतरत जातो, आणि उबेत ठेवलेल्या डब्यात तर झपाट्याने. लॅम्बिक किंवा कडक, जड बिअर वर्षानुवर्षं मुरली तरी चालते. आयपीए मुरवत ठेवणाऱ्याला तिच्यातलं काहीच कळलेलं नसतं. हजारो किलोमीटरवरून आलेली नावाजलेली बाटली आणि भिंतीपलीकडच्या टाकीतून आलेला बिननावाचा ग्लास यांत दुसरा जिंकतो, तो अनेकदा एवढ्याच कारणाने. म्हणून काउंटरवर गेलो की यादी न वाचता मी आधी विचारतो, "अलीकडे कुठली टाकी उघडली?" समोरचा गोंधळतो, आत जाऊन येतो. कधीकधी त्याच्यामागून ब्रुअरच हात पुसत बाहेर येतो, आणि तो एकदा यीस्टवर बोलायला लागला की पुढचा अर्धा तास आपली सुटका नसते.