मागच्या डिस्क ब्रेकसाठी कॅलिपर शोधताना

माझी रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० ही २०१४ ची मोटारसायकल आहे. तिला पुढे २८० मिलिमीटरची डिस्क आणि मागे १५३ मिलिमीटरचा, रॉडने ओढला जाणारा ड्रम ब्रेक होता. गेल्या पावसाळ्यात चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना ड्रममध्ये पाणी शिरले आणि पुढच्या पाच-सात वळणांवर मागचे पेडल पूर्ण दाबूनही वेग उतरेना. मागे पत्नी बसलेली होती. नागपूरला पोहोचेपर्यंत मागे डिस्क बसवायचे मी ठरवून टाकले होते.

नवा कॅलिपर (पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणारा भाग), मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने त्याच्याकडे तेल ढकलणारा भाग), होज (तेलाची नळी), हब (चाकाचा मधला भाग) आणि डिस्क असा सगळा मूळ संच एकदम घेणे मला परवडणारे नव्हते. २०१२ साली आलेल्या, याच कंपनीच्या थंडरबर्डला मागे २४० मिलिमीटरची डिस्क होती आणि नंतर क्लासिकलाही ती मिळाली, त्यामुळे जुन्या मालात हे भाग सापडतील अशी मला आशा होती. नागपुरातल्या घाट रोडच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत तीन शनिवार फिरलो. तिसऱ्या शनिवारी, जुना माल विकणाऱ्या एका दुकानदाराने दुसऱ्याच एका मोटारसायकलचा पुढचा कॅलिपर ‘मागेही चालतो’ असे सांगून सातशे रुपयांना दिला आणि स्वस्त मिळाला या समाधानात मी तो घेऊन आलो.

घरी आल्यावर व्हर्निअरने मोजले, तेव्हा घोटाळा लक्षात आला. त्या कॅलिपरला २८ मिलिमीटर व्यासाचे दोन पिस्टन होते. म्हणजे दोघांचे मिळून क्षेत्रफळ सुमारे १२३२ चौरस मिलिमीटर. मागच्या ब्रेकसाठी मी जो कॅलिपर योग्य धरून चाललो होतो, त्यात ३२ मिलिमीटरचा एकच पिस्टन, म्हणजे सुमारे ८०४ चौरस मिलिमीटर. मास्टर सिलिंडर तोच ठेवला तर दोन पिस्टनांना पुढे सरकवण्यासाठी दीडपट तेल लागणार, म्हणून पेडलही तितकेच जास्त खाली जाणार. आणि पायाचा जोर तेवढाच असला तरी डिस्कवरची पकड दीडपट होणार. ही पकड ऐकायला चांगली वाटते, पण ब्रेक लागताच गाडीचा भार पुढच्या चाकावर जातो आणि हलके झालेले मागचे चाक अशा पकडीने सहज जाम होऊन घसरते. ओल्या रस्त्यावर तर मला हेच टाळायचे होते. दुकानदाराने कॅलिपर परत घेतला नाही.

त्यानंतर मी सक्करदऱ्याच्या ज्या गॅरेजमध्ये अनेक वर्षे गाडी नेतो, तिथल्या मिस्त्रींना सगळे दाखवले. त्यांनी पिस्टन बोटाने फिरवून पाहिला आणि म्हणाले, ‘‘तुम्ही कॅलिपर पाहून राहिले भाऊ. सील किट कुठं भेटते ते आधी पाहा.’’ माझा सगळा शोध या एका वाक्याने उलटा झाला. कॅलिपरचे ॲल्युमिनिअमचे शरीर वर्षानुवर्षे टिकते. जातात ते आतले रबर, म्हणजे सील. ज्या कॅलिपरचे सील किट सुटे मिळते, तो जुना असला तरी नव्यासारखा करता येतो, आणि ज्याचे मिळत नाही, तो फुकट मिळाला तरी निरुपयोगी ठरतो. म्हणून आधी दोन दुकानांत मागच्या डिस्कच्या क्लासिकचे सील किट, पॅड आणि कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिनचे रबरी बूट मिळतात याची खात्री करून घेतली आणि मगच कॅलिपर शोधायला निघालो.

पुढून ठोकलेल्या अशाच एका क्लासिकचे मागचे सुटे भाग वाडीजवळ एका भंगारवाल्याकडे मिळाले. कॅलिपर, त्याची ब्रॅकेट आणि स्विंगआर्म (मागचे चाक धरणारा सांगाडा) असे तिन्ही मी एकत्र घेतले. लेथवर ब्रॅकेट बनवून घेण्याचा सल्ला अनेकांनी दिला होता आणि हिंगणा एमआयडीसीत ते काम करणारे कारागीरही आहेत. पण ब्रेक लागताना कॅलिपरला चाकाबरोबर फिरण्यापासून अडवणारा सगळा जोर त्याच ब्रॅकेटवर येतो, आणि तिथे अंदाजाने कापलेली पट्टी लावायला माझे मन धजावले नाही. स्विंगआर्म माझ्या चेसीत बसतो की नाही हे बुश आणि पिव्होट मोजून आधीच पाहिले होते.

दुकानातच मी ब्लीडिंग निप्पल (तेलातली हवा बाहेर काढायचा स्क्रू) पान्याने हलवून पाहिला, कारण तो गंजून तुटला तर तो काढणे हे वेगळेच दुखणे होते. स्लाइड पिनवर खाचा पडलेल्या नाहीत आणि बोल्टांच्या कानांना चीर नाही, हेही पाहिले. पिस्टन मात्र बाहेर काढल्याशिवाय कळत नाही. गॅरेजमध्ये कॅलिपरच्या तोंडात लाकडाचा ठोकळा ठेवून, कमी दाबाने कॉम्प्रेसरची हवा देऊन मिस्त्रींनी तो काढला. या वेळी बोटे आत असता कामा नयेत, पिस्टन गोळीसारखा सुटतो. पिस्टनवर सील जिथे टेकतो त्या पट्ट्यात खड्डे नव्हते. सील बसण्याच्या खाचेत मात्र पांढरी भुकटी साचली होती. चौकोनी काटछेदाचा हा सील ब्रेक लागताना थोडा पिळला जातो आणि पाय सुटला की मूळ आकारात येताना पिस्टनला मागे खेचतो. खाचेत भुकटी असली तर सील आतून दाबला जाऊन पिस्टन धरून ठेवतो, ब्रेक घासत राहतो, डिस्क तापते. ती खाच मऊ लाकडी काडीने साफ करायला आम्हाला अर्धा दिवस लागला. मिस्त्रींचा मदतनीस भाग पेट्रोलमध्ये बुडवायला निघाला होता, त्याला थांबवले. पेट्रोल आणि साधे ग्रीस या सीलच्या रबराला फुगवतात. नवे सील ताज्या ब्रेक ऑइलमध्ये भिजवूनच बसवले आणि पिनांना सिलिकॉन ग्रीस लावले.

कॅलिपरचे चौदाशे आणि किटचे अडीचशे, एवढ्यात तो तयार झाला. मास्टर सिलिंडर आणि होज मात्र मी नवेच घेतले, कारण आतून झिजलेल्या सिलिंडरवर पैसे वाचवण्यात मला अर्थ वाटला नाही. जुन्या रिमला डिस्कचा हब लावून नव्या तारा भरल्या, चाकाचा आउट (डगमग) काढून घेतला. डिस्क जुनीच होती, पण तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा ती बरीच जाड भरली.

होज जोडताना तांब्याच्या वायसर नव्या घातल्या आणि निप्पल वरच्या बाजूला येईल असा कॅलिपर धरून एअर काढली, तेव्हा कुठे पेडल घट्ट झाले. तेल डॉट ४ घातले. त्याचा कोरडा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो आणि हवेतला ओलावा शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. पंचेचाळीस अंशांच्या नागपुरी उन्हाळ्यात आणि घाटात हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. माझ्या गाडीला एबीएस (ब्रेक लागताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. एप्रिल २०१९ पासूनच्या, १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना ते बंधनकारक आहे, आणि अशा गाडीच्या ब्रेकला असा हात मी लावला नसता. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवला.

पहिले दोन दिवस मोकळ्या रस्त्यावर, तीस-चाळीसच्या वेगातून हळूहळू ब्रेक लावत पॅड बसू दिले. पाचशे किलोमीटरनंतर पॅड काढून पाहिले, तेव्हा आतला पॅड बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त झिजलेला होता. एका पिनच्या बुटाला बारीक भेग होती आणि आतले ग्रीस धुऊन गेले होते. पाऊणशे रुपयांचा नवा बूट घातला आणि त्याच दुकानातून आणखी एक सील किट आणून कपाटात ठेवले.